मागच्या खोलीतली तपासणी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, १९ फेब्रुवारी १९८४

प्रिय नंदे,

तुझं कार्ड काल मिळालं. वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चार ओळी लिहिल्यास. म्हैस व्यायला झालीय, सूनबाईला सातवा लागलाय, आकारामरावांना भाताच्या गिरणीवर माणूस मिळत नाही, आणि शेवटी काय, तर ‘मला काही दुखत नाही, खुपत नाही, मग डॉक्टरला दाखवू काय? धडधाकट माणसानं दवाखान्याची पायरी चढू नये म्हणतात.’ कोण म्हणतं गं असं? नाव कळव त्याचं, मलकापुरात येऊन त्यालाच विचारते. मी दोनदा लिहिलं, की दोन दिवस काढून ये, इथं एक बाई डॉक्टर आहेत, छातीची तपासणी करतात, तेवढी करून जा. यात मी तुझ्याकडं काय राज्य मागितलं? आणि दोन्ही वेळा तू मला म्हशीचीच खबर दिलीस. म्हशीला बरं नसतं तर एव्हाना ढोरांचा डॉक्टर दारात आणला असतास की!

कार्डावर हे काम होणार नाही हे माझ्या लक्षात आलं. कार्ड तुमच्याकडं आधी पोस्टमन वाचतो, मग गिरणीवरचे हमाल वाचतात, मग उरलंसुरलं तुला मिळतं. म्हणून हे पाकीट. दार लावून वाच, आणि एका बैठकीत वाच. मी मात्र एका बैठकीत लिहीन असं दिसत नाही. सकाळपासून कितीदा बसले आणि उठले. एकदा दूध उतू गेलं, एकदा उगाच गॅलरीत जाऊन रस्ता बघून आले, मग वाटलं देवाची भांडी घासायची राहिलीत, ती घासली. काल घासली होती तरी पुन्हा घासली. हातांना काही काम नसलं की जीव कुठं ठरतच नाही बघ. शाळेतल्या पोरांना मी एका जागी बसा म्हणून छडी दाखवते, आणि माझं हे असं.

आमचं महिला मंडळ तुला ठाऊक आहे. पद्मजाबाई अध्यक्षीण, गुळाच्या अडत्याची बायको. तू तिला नाकानं कांदे सोलणारी म्हणतेस, ते काही अगदीच खोटं नाही, पण बाई कामाची आहे. दिवाळी झाल्यावर आमच्याकडं डॉक्टर मगदूम म्हणून एक बाई आल्या. तिशीच्या आतबाहेर वय, साधी सुती साडी, बोलणं हळू. म्हणाल्या, बायकांच्या स्तनात गाठ होते, कर्करोग असतो तो, पण बायका दाखवायला येतात तेव्हा हातातनं वेळ गेलेली असते. तुम्ही बायका गोळा करा, मी फुकट तपासते. बघ, लिहिला शब्द मी. लिहिताना हात अडखळला खरा, पण लिहिला.

आम्ही उत्साहानं कामाला लागलो आणि पहिलाच घोळ घातला. रिक्षाला भोंगा लावून पेठेत फिरवला. ‘माताभगिनींनो, स्तनाच्या कर्करोगाची मोफत तपासणी!’ ती रिक्षा नेमकी तालमीच्या कट्ट्यापुढं येऊन बंद पडली. भोंगा चालू, रिक्षा बंद. कट्ट्यावरची पोरं फिदीफिदी हसतायत, माड्यांच्या खिडक्या धडाधड लागतायत, आणि रिक्षावाला घामाघूम होऊन किक मारतोय. तपासणीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये डॉक्टरीणबाई, पद्मजाबाई, मी आणि माश्या. एक बाई आली, तीही पोराला पोलिओचा डोस इथंच देतात काय विचारायला.

मग पद्मजाबाईंनी डोकं चालवलं. म्हणाल्या, “कर्करोग म्हटल्यावर कोण येतंय? संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणा, बघा पेठ लोटती की न्हाई.” आणि खरंच लोटली. कोपऱ्यात दोन चादरी जोडून मी पडदा शिवला होता, पडद्यामागं बाकडं आणि डॉक्टरीणबाई. कुंकू आणि तिळगूळ बाहेर, बांगड्या भरायला ताजबी कासारीण दाराशी, पण वाणाची स्टीलची गाळणी पद्मजाबाईंनी मुद्दाम ठेवली पडद्याआड. ज्या बाईला गाळणं पाहिजे तिनं आत जायचं, तपासून घ्यायचं आणि डॉक्टरीणबाईंच्या हातनंच ते घ्यायचं. तुला सांगते, भोंग्याला न भुललेल्या बायका गाळण्याला भुलल्या. एक आत गेली, लाजत बाहेर आली, दुसरीच्या कानाला लागली, की दुसरी आत. रांग लागली रांग! मला इतकं हसू येत होतं.

पण हे सगळं मी बघितलं कुठनं, तर मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतनं. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. मला कुणी, श्यामलाताई तुम्ही मागं थांबा, असं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. पडदा शिवला मी, तीळ भाजले मी, लाडू वळले मी, आणि पहिली सवाष्ण दारात आल्याबरोबर माझे पाय आपणहून मागं वळले. तिथं स्टोव्ह मांडले होते. शाळा झाडणारी बनाबाई कपबशा विसळत होती, पद्मजाबाईंच्या चुलत सासूबाई चिमणाबाई पोत्यावर बसून आलं ठेचत होत्या, आणखी पेठेतल्या तिघी-चौघी होत्या. सगळ्या पांढऱ्या कपाळाच्या. राग आला का विचारशील, तर आला. पण सवयीचा राग तो, तोंडातल्या तोंडात राहतो.

दुपारी डॉक्टरीणबाई चहा प्यायला आत आल्या. कप हातात घेतला आणि एकेकीकडं बघत राहिल्या. तुमच्या तपासण्या कधी झाल्या, असं त्यांनी विचारलं. आम्ही हसलोच. चिमणाबाई म्हणाल्या, “आमचं काय तपासताय बाई, आमच्या गवऱ्या मसणात गेल्या.” आम्ही पुन्हा हसलो. त्या हसल्या नाहीत. कप खाली ठेवून म्हणाल्या, की सकाळपासून मी विशी-तिशीच्या पोरी तपासतेय, त्यांनाही तपासायला हवंच, पण हा रोग वय वाढेल तसा जास्त गाठतो. पन्नाशीच्या बायका कुठं आहेत म्हणून मी बाहेर विचारतेय, आणि त्या तुम्ही इथं चहा करत बसलाय. ज्यांच्यासाठी मुख्यतः मी आले, त्यांनाच तुम्ही बोलावलं नाहीत. आवाज चढवला नाही त्यांनी. पण आमच्या सगळ्यांचे हात थांबले. स्टोव्ह तेवढा भरभरत होता.

पद्मजाबाईंना आत बोलावलं. त्यांचं तोंड असं उतरलं, की मलाच कसंतरी झालं. “अगं बाई, माझ्या हे ध्यानातच आलं न्हाई,” म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. हळदीकुंकू म्हटलं की विधवा मागं, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय. एवढी हुशार युक्ती काढली आणि त्या युक्तीनंच नेमक्या बायका गाळल्या. पण पद्मजाबाई तिथं थांबल्या नाहीत बरं का. तरातरा हॉलमध्ये गेल्या, पडदा ओढून काढला आणि स्वतःच्या हातानं आमच्या खोलीत कपाटापासून खिडकीपर्यंत बांधला. समोरच्या सवाष्णी बघत बसल्या. कुणीतरी कुजबुजलं असेल, असू दे. एक गाळणं त्यांनी चिमणाबाईंच्याही हातात ठेवलं, तेव्हा म्हातारी रडायलाच लागली. गाळण्याला गं, दुसरं काही नाही.

पहिली मी गेले. दुसरी कुणी उठेना म्हणून. चाळीस पोरांच्या वर्गाला मी भीत नाही, पण ब्लाउजच्या हुकाला हात लावला आणि पुन्हा पदर ओढून घेतला. नृसिंहाच्या बाळंतपणात सुईणीपुढं काय कमी तमाशा झाला होता माझा? तरी डोळे गच्च मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी आधी चहाच्या पातेल्यावर हात धरून ऊन केले. मग बोटं सपाट ठेवून गोल गोल फिरवत, जशी आपण कणीक चांगली मळली की नाही बघतो तशी, सगळीकडनं दाबून बघितलं, काखेतसुद्धा. दुखलं नाही. वेळ किती लागला, तर चहाला एक उकळी यायला लागतो तेवढा. बोटं फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, घरात कुणाला झालं होतं काय, आई, मावशी, बहीण? माझ्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, आई तापानं गेली.

नंदे, आता मी जे लिहिणार आहे ते वाचून रडू नकोस, नाहीतर रड, पण पुढचं वाच. आई तापानं गेली नाही.

तू तेव्हा बारा वर्षांची होतीस आणि तुला मामाकडं शिरोळला पाठवून दिलं होतं. इकडं ताप आहे, पोरीला लागेल, असं सांगितलं होतं. ताप कसला! आईला उजव्या बाजूला गाठ झाली होती. न्हाताना तिच्या हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून तिनं किती महिने कुणाला सांगितलंच नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा ती सुपारीएवढी झाली होती. आता अण्णा कसे होते तुला माहीत आहे. आईला चारचौघांत कधी नावानं हाक मारली नाही, ‘बायको’ हा शब्द उच्चारला नाही. तिच्याविषयी बोलायचं तर ‘घरात’ म्हणायचे. घरात बरं नाही, घरात उपास आहे. तर अण्णा एकटे डॉक्टरकडं गेले, आणि सांगितलं, की घरात गळू झालंय. डॉक्टरांनी विचारलं कुठं, तर अण्णांच्या तोंडातनं छाती हा शब्द निघेना. पाठीवर, म्हणाले. खांद्याच्या खाली. डॉक्टरांनी गळवाचं मलम दिलं, आणि आई ते मलम छातीला लावत राहिली. वरनं शेजारणीच्या सांगण्यावरून बिब्ब्याचे चटके. अण्णा दर पंधरवड्याला जायचे, पाठीवरचं गळू बसत नाही म्हणून सांगायचे आणि दुसरं मलम घेऊन यायचे.

पुढं ती गाठ फुटली. आई कापूस ठेवायची आणि दिवसभर घरात ऊद जाळायची. तुला आठवत असेल, शिरोळला जायच्या आधी तू विचारायचीस, की आज गुरुवार नाही तरी ऊद कशाला गं. वास यायचा म्हणून नंदे, दुसरं काय! शेवटी टांगा केला, आई, अण्णा आणि सोबत मी. माझं लग्न ठरलं होतं त्या साली. डॉक्टर म्हणाले, पाठ दाखवा. आई बिचारी पाठ करून बसली, पदर बाजूला केला, आणि पाठ तर स्वच्छ. डॉक्टर अण्णांकडं बघतायत, अण्णा जमिनीकडं बघतायत, आई भिंतीकडं बघतेय. मग मीच म्हणाले, पाठीवर नाही, छातीवर आहे. एकोणीस वर्षांची पोर मी, बापासमोर तो शब्द बोलले, आणि अण्णा उठून बाहेर टांग्याजवळ जाऊन उभे राहिले.

डॉक्टर वाईट नव्हते. बघितलं आणि इतकंच म्हणाले, की हे मला सुरुवातीला कळलं असतं तर मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. आई पुढं आषाढापर्यंत होती. अण्णांनी सगळ्यांना ताप सांगितला, थोरल्या दादानं तेच सांगितलं, मीही तेच सांगत आले. झाकली मूठ म्हणून तेहतीस वर्षं मूठ झाकून ठेवली. अण्णांना मी दोष देत नाही, तूही देऊ नकोस. ते तिच्यावर जीव टाकत होते. ती गेल्यावर किती दिवस तिची ताटली मांडायचे, तू शिरोळहून परत आलीस तेव्हा तूही बघितलंस. फक्त एक शब्द त्यांना बोलता आला नाही, आणि त्यापायी आई गेली.

हे सगळं मी त्या पडद्यामागं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. पलीकडं स्टोव्हपाशी सगळ्या ऐकत होत्या, ऐकू देत. त्यांनी दुसराच प्रश्न विचारला, बहीण आहे का? धाकटी आहे म्हटलं, पंचेचाळिशीची. तिची तपासणी झालीय? म्हटलं, ती मलकापुरात असते, तिला काही होत नाही. त्या म्हणाल्या, काही होत नसतानाच आणा. आईला होतं तेव्हा लेकींना धोका जास्त असतो. व्हायलाच पाहिजे असं नाही, पण दर वर्षी डॉक्टरला दाखवायचं आणि दर महिन्याला आपल्या हातानं बघायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी मी तुला पहिलं कार्ड टाकलं. आता कळलं ना, मी तुझ्या मागं का लागलेय ते?

आता पुढचं. त्या दिवशीच्या सगळ्या बायकांतनं दोघींना मिरजेला पाठवलं, आणि दोघी निघाल्या मागच्या खोलीतल्या. एक बनाबाई. तिनं तर घरातनं निघताना पोरांपाशी निरवानिरव केली, कोंबड्या कुणाच्या, भांडी कुणाची. तिथं डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं, आणि गाठ गेली. नुसती पाण्याची निघाली! परत आली ती एस.टी.तनं उतरल्या उतरल्या पेढे घेऊन माझ्याकडं. बऱ्याचशा गाठी साध्याच निघतात, हे तुझ्या ध्यानात राहू दे. उगाच गाठ म्हटली की मेलो, असं धरून बसायचं नाही.

थांब, दार वाजलं. कुणी नव्हतं, वारा होता. उठले तशी पाणी पिऊन आले, आणि कुंडीतल्या तुळशीचं एक वाळकं पान काढलं. कुठं होते मी? हां, हातानं कसं बघायचं ते. हे नीट वाच. आंघोळीच्या वेळी, अंगाला साबण असताना सोपं जातं. डावी बाजू बघायची तर डावा हात डोक्यामागं घ्यायचा आणि उजव्या हाताची तीन बोटं जुळवून, टोकं खुपसायची नाहीत, सपाट ठेवायची, गोल गोल फिरवत सगळीकडनं बघायचं, काखेपर्यंत. मग दुसरी बाजू. मग आरशासमोर उभं राहून बघायचं, कुठं कातडी ओढल्यासारखी दिसते का, खळी पडलीय का, बोंडी आत गेलीय का, काही पाणी किंवा रक्त येतं का. पाळी असेल तर ती संपल्यावर आठवड्याभरात बघायचं. आमच्यासारख्या, ज्यांची गेली, त्यांनी महिन्याचा एक दिवस धरायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठली तारीख लक्षात राहील? आमच्यातली एकही तारखेवर जगत नाही. चिमणाबाई म्हणाल्या, “संकष्टी धरा की, ती कोण इसरतंय?” तर ठरलं, संकष्टीची आंघोळ. ताजबी तेवढ्यात चहाला आत आली होती, ती म्हणाली, तुमची संकष्टी तर माझी चाँदरात. असं हसलो आम्ही! मागच्या खोलीत इतकं हसू मी सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. ताजबीनंही तपासून घेतलं, आणि मग बाहेर जाऊन तीच बांगड्या भरता भरता बायकांना आत पिटाळायला लागली.

मंडळाचंही ठरलं, आता हळदीकुंकवाला तपासणी नाही. पुढची एप्रिलात, शेवया-पापडाच्या दिवशी. पापड लाटायला कुणाचं कपाळ बघत नाहीत. पद्मजाबाईंनीच सुचवलं. पण तू एप्रिलाची वाट बघू नकोस, समजलीस? मला तुझं उत्तर पाठ आहे. दुखत नाही म्हणशील. अगं, दुखत नाही हीच तर तिची लबाडी! दुखली असती तर आईनं पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं. दात दुखला तर तू मलकापूर डोक्यावर घेतेस. मग म्हणशील, देव तारी त्याला कोण मारी. म्हण बापडी, पण आईही रोज महालक्ष्मीला जात होती, हे विसरू नकोस. मग म्हणशील आकारामराव काय म्हणतील. त्यांना हे पत्र वाचायला दे. अण्णांच्या जावयानं एवढं तरी करावं. आणि लाज म्हणशील, तर बाईच बाईला बघते, पडदा असतो, आणि तुझ्या अंगात असं काय वेगळं सोनं लागलंय ते बघून डॉक्टरीणबाई गावभर सांगत सुटतील?

इतका वेळ तुला रागावतेय, कारण रागावताना मला बरं वाटतं. पण आता आणखी काय लिहावं हे सुचेना झालंय, आणि लिहायचं तर राहिलंच आहे. मिरजेला पाठवलेली दुसरी मीच, नंदे. डाव्या बाजूला, हरभऱ्याएवढी. मला कधी लागली नव्हती हाताला, आणि लागली असती तरी मी तीळ भाजत बसले असते. तुकडा काढून तपासायला पाठवला, त्याचा निकाल गुरुवारी आला. तोच आहे, आईचा. डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या, माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, लहान आहे, काखेत उतरल्यासारखी लागत नाही, वेळेत सापडलीय, पण ती बाजू काढावी लागेल. पुढच्या सोमवारी, २७ तारखेला ऑपरेशन. शाळेत रजा टाकली, कारण विचारलं तर घरगुती लिहिलं. नृसिंहाला पुण्याला पत्र लिहायला बसले, ‘चिरंजीव’ लिहिलं आणि पुढं पेन हलेना. म्हणून पहिलं तुला लिहिलं. दवाखान्यातले विचारतायत बरोबर कोण येणार, आणि मी ताठ मानेनं सांगून आले, की कुणी लागत नाही, मी एकटी येईन. खोटं आहे ते. मला भीती वाटते गं. आंघोळ करताना मी खाली बघत नाही. म्हैस आकारामरावांवर सोड, सूनबाईच्या आईला बोलावून घे, आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीनं ये. तुझी तपासणी मी करून घेणारच, त्यातनं तुझी सुटका नाही. पण आधी ये, आणि माझा हात धरून बस.

वाट बघणारी, तुझीच,
आक्का